परक्यांविषयींचा द्वेष कोठून उपजतो?
(महोत्सवाच्या सभेंतील भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं पूर्वजांचे गुण गावेत असा रिवाज आहे. पण आपल्या गांवीं पोटासाठीं येणाऱ्या परप्रांतीयांविषयीं जें बोललें जातें तें आमच्या कानांवर येतें. म्हणून आपल्याच धर्मबांधवांची एक जुनी हकीकत आम्ही आज सांगूं इच्छितों.

सन १८४५ पासून आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व तापानें मेलीं. त्याहून अधिक देश सोडून गेलीं, त्यांतील पुष्कळशीं अमेरिकेस. तीं बहुतेक कॅथोलिक होतीं. 'हे दारुडे, मजुरी पाडणारे, पोपचे हस्तक' अशी तेथें हाकाटी झाली. 'नो-नथिंग' या पक्षानें परदेशीयांस २१ वर्षें राहिल्यावांचून नागरिकत्व देऊं नये अशी मागणी केली, व १८५४ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांत सत्ताही मिळविली. (नांव चमत्कारिक खरें, कोणी विचारल्यास 'मला ठाऊक नाहीं' असें सभासदांनीं सांगावें, असा दंडक होता.)

कोणी म्हणेल, हें भांडण भाकरीचें. तें सर्वस्वीं खरें नाहीं. दुष्काळापूर्वींच, ११ ऑगस्ट १८३४ च्या रात्रीं, बॉस्टनजवळील चार्ल्सटाउन येथें उर्सुलाइन भगिनींचा मठ जमावानें जाळला. १८४४ सालीं फिलाडेल्फियांत सेंट मायकल व सेंट ऑगस्टिन हीं चर्चें भस्म झालीं. त्या भगिनींनीं कोणाची मजुरी हिरावली होती? त्यांच्या शाळेंत तर प्रॉटेस्टंट घरांतील मुलीही शिकत! पण भिंतींआड काय चालतें हें रस्त्यावरच्या माणसास ठाऊक नव्हतें, आणि ती उणीव अफवांनीं भरून काढली. भय अगोदर असतें. मजुरीचें कारण त्यास मागाहून सांपडतें, व तें अगदींच खोटें नसतें, म्हणूनच पटतें.

आतां कटु भाग. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यांत जन्मलेला डेनिस कीअर्नी १८७७ सालीं सॅन फ्रान्सिस्कोंत मजुरांचा पुढारी झाला. १८७३ नंतरच्या मंदीमुळें काम मिळत नव्हतें. धनिकांवरही त्यानें तोंडसुख घेतलें. परंतु धनिक टेकडीवरच्या वाड्यांत होते, चिनी मजूर शेजारच्या गल्लींत. 'चिन्यांनीं चालतें व्हावें' ही त्याची ललकारी झाली. आयरिशांवर जो मजुरी पाडल्याचा आरोप होता, तोच आतां एक आयरिश मनुष्य दुसऱ्यांवर करीत होता, आणि टाळ्या देणारांत आपले धर्मबांधव थोडे नव्हते. १८८२ सालीं चिनी मजुरांस अमेरिकेचें दार बंद करणारा कायदा झाला. तो रद्द होण्यास १९४३ साल उजाडावें लागलें.