समाजशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हप्ता

काशीतल्या संकठा घाटाच्या गल्ल्यांमध्ये बनारस हिंदू विद्यापीठात शिकणारी मुलं सहज भेटतात. १९१६ साली स्थापन झालेल्या या केंद्रीय विद्यापीठात समाजशास्त्रात एम. ए. करायला कर्ज बहुधा लागतच नाही, कारण इथलं शुल्क खासगी संस्थांच्या मानानं बरंच कमी आहे. हिशेब अवघड होतो तो महागडी खासगी संस्था निवडली की.

समजा, चार लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के, मुदत १५ वर्षं. हप्ता येतो महिना सुमारे ४,३०० रुपये आणि एकूण फेड पावणेआठ लाखांच्या घरात. शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज रक्कम उचलल्यापासूनच चढत राहतं. हे पालकांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं!

समाजशास्त्राच्या पदवीधराला सामाजिक संस्थांत किंवा सर्वेक्षणांत पहिली नोकरी मिळते, तिथला पगार बेताचाच असतो. ‘नेट’ या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करताना महिना ३७,००० रुपये मिळतात. पण ती मोजक्यांनाच. म्हणून माझं स्पष्ट मत: विषय आवडीनं निवडा, कर्ज मात्र पहिल्या पगाराच्या अंदाजावर बेता. आधी सरकारी विद्यापीठाचा अर्ज भरा.