ठिणगीची वेळ



अनेक घरांच्या अंगणात, सोसायटीच्या एखाद्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं एक गाडी उभी असते. वडिलांची किंवा काकांची. टायर बसलेले, काचांवर धूळ, बॉनेटवर मांजराचा मुक्काम. आपल्याकडे ती बहुधा प्रीमियर पद्मिनी असते. आपण मात्र तिला आजही फियाटच म्हणतो. मूळची ही इटलीची फियाट अकराशे. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात तिचं हे रूप तयार होऊ लागलं आणि पुढे १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

कधीतरी घरात विषय निघतो, चालू होते का बघू या. नवी बॅटरी येते, चावी फिरते, चार पोरं धक्का मारतात. गाडी कार्बोरेटरमधून खोकते, सायलेन्सरमधून एक बार काढते आणि गप्प होते. मग निकाल लागतो : इंजिन गेलं, भंगारात द्या. मला आज या निकालाबद्दलच बोलायचं आहे. कारण पुष्कळदा इंजिन शाबूत असतं, फक्त ठिणगी भलत्या वेळी पडत असते.

पहिलं पथ्य असं, की घाई करू नये. उभ्या गाडीतलं तेल सिलिंडरच्या भिंतींवरून निथळून गेलेलं असतं. अशा कोरड्या इंजिनाला धक्का मारला तर रिंगा ओरखडतात. म्हणून चारही प्लग काढावेत, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडावं आणि एक रात्र थांबावं. जुनं पेट्रोल विस्तवापासून दूर नेऊन उपसावं. इंजिनातलं तेल बदलावं. मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकलली, की इंजिन आपसूक फिरतं.

आता एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो, तेव्हा पिस्टन दोनदा वर येतो. एकदा हवा दाबण्यासाठी आणि एकदा जळका धूर बाहेर टाकण्यासाठी. पुलीवरची खूण दोन्ही वेळा त्याच जागी येते. डोळ्यांना फरक कळत नाही, तो अंगठ्याला कळतो. हवा अंगठा ढकलू लागली, तर ती दाबाची फेरी. ठिणगी याच फेरीत हवी. दुसऱ्या फेरीत जुळवली तर गाडी नुसती खोकत राहते. चारही भोकांवर हीच परीक्षा घ्या. चौघांचा जोर सारखा असेल तर इंजिनात प्राण आहे. एखाद्या भोकात तेल सोडूनही दाब लागत नसेल, तर मात्र इंजिन उघडावं लागेल.

ठिणगी पिस्टन अगदी माथ्यावर असताना पडून चालत नाही. पेट्रोलच्या वाफेला पेट घ्यायला सेकंदाचा अगदी बारीक अंश का होईना, वेळ लागतो. म्हणून ती पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या थोडी आधी पडावी लागते. किती आधी, ते गाडीच्या पुस्तकात अंशांमध्ये दिलेलं असतं.

ही वेळ ठरवतो डिस्ट्रिब्युटर. आपले मिस्त्री त्याला डेल्को म्हणतात. त्यातले पॉइंट वर्षानुवर्षं न वापरल्यानं काळवंडलेले असतात. ते बारीक पॉलिश पेपरनं साफ करून आधी त्यांची फट फिलर गेजनं बसवावी. हा क्रम उलटा करू नये, कारण फट बदलली की टायमिंग बदलतं. मग इंजिन नेहमीच्या दिशेनंच फिरवून पुलीची खूण जागेवर आणावी. बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर कॉइलपासून डेल्कोकडे जाणाऱ्या टोकाला आणि दुसरी बॉडीला जोडावी. चावी ऑन करून, डेल्कोचा नट सैल करून तो किंचित फिरवावा. ज्या क्षणी बल्ब पेटतो, त्या क्षणी पॉइंट उघडतात आणि तीच ठिणगीची वेळ. नट आवळावा, चावी बंद करावी, नाहीतर कॉइल तापते. प्लगच्या वायरी एक-तीन-चार-दोन या क्रमानं लावाव्यात.

इतकं झालं, की बहुतेक वेळा इंजिन बोलू लागतं. पुढचं काम कानाचं. चढावर टकटक ऐकू आली तर ठिणगी फार लवकर पडते आहे. गाडी ओढत नसेल आणि तापत असेल, तर ती उशिरा पडते आहे. मी कविता लिहिणारा माणूस. ओळ एका मात्रेनं घसरली तर ती कानालाच आधी कळते. इथेही तसंच. मात्र ब्रेक तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

बल्ब आणि अंगठ्यानं टायमिंग लावणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. आजच्या गाड्यांत हे काम संगणक करतो, त्यामुळे नव्या पोरांच्या हाताला हे वळण पडत नाही. तेव्हा अंगणातली गाडी भंगारवाल्याला दाखवण्याआधी अशा एखाद्या मिस्त्रीला घरी बोलवा, आणि तो काम करत असताना घरातल्या एखाद्या मुला-मुलीला शेजारी उभं करा. गाडी चालू झाली तर उत्तमच. नाही झाली, तरी दाबाची फेरी कशी ओळखायची हे आणखी एका अंगठ्याला कळलेलं असेल.