‘सांगितलं’ आणि ‘पोचलं’

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून चहाच्या टेबलापाशी मला एकच प्रश्न विचारला जातोय, “तू नक्की शिकलीस काय, आणि करतेस काय?” ‘एच.आर.’ म्हटलं की लोकांना वाटतं, नोकरीवर घेणारी आणि काढणारी बाई. संयोजकांनी वेळ दिलाय, तर आज एकदा सगळ्यांना मिळून उत्तर देते.

माझ्या पदव्युत्तर अभ्यासाच्या विषयाला ऑर्गनायझेशनल कम्युनिकेशन असं जड नाव आहे. साध्या भाषेत सांगायचं तर कामाच्या ठिकाणी वरचं सांगणं खालपर्यंत नीट पोचतं का, खालचं म्हणणं वर जातं का, आणि त्यातून माणूस आणि काम दोन्ही सुधारतात का, हे तपासायचं. मुंबईला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी मी सवयीनं “मी आलो” म्हणाले आणि सगळा वर्ग वळून बघायला लागला. आपल्याकडं मुलींनी असं बोलणं काही नवं नाही. शब्द तोच, पण ऐकणारा बदलला की अर्थ बदलतो, हा पहिला धडा मला कोल्हापूरच्या बोलीनंच दिला.

हा विषय परदेशातून आलेलं खूळ आहे, असं समजू नका. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. आठवड्याची सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, अशा मागण्यांच्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारची सुट्टी मान्य झाली ती १८९० मध्ये. त्या साडेपाच हजारांना आपलं दुखणं पक्कं माहीत होतं. ते वर पोचवायची वाट मात्र नव्हती. ती लोखंड्यांनी पाडली. मुंबईत १९४७ साली सुरू झालेल्या श्रम विज्ञान संस्थेला आज त्यांचंच नाव आहे.

पुढे अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रयोग सुरू झाले. उजेड वाढवला तर काम वाढतं का, इथून सुरुवात झाली आणि शेवटी वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. आधी प्रश्न ठरलेले असायचे. मग लक्षात आलं की माणसाला त्याच्या मनातलं बोलू दिलं तरच खरी माहिती मिळते. आमच्या विषयाचा पाया असा घातला गेला.

आपल्याकडं १९४८ च्या कारखाने कायद्यानं पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. कायद्यानं लावायच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात आणि कारखान्याच्या मुख्य दाराजवळ सहज दिसतील अशा लावाव्यात. म्हणजे नुसतं सांगून भागत नाही, ते कळलं पाहिजे, हे कायदा करणाऱ्यांनाही उमगलं होतं.

आता आपल्या गावचं बोलते. या सभागृहात फाउंड्रीवाले किती आहेत, हे मला माहीत आहे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल... कुठं ना कुठं आपल्यातलं कोणीतरी आहेच. प्रबंधाच्या वेळी मी एका फाउंड्रीत जात होते. नाव सांगत नाही. भट्टीशेजारी इंग्रजीत पाटी होती: ओलं भंगार भट्टीत टाकू नये. वितळलेल्या धातूत पाणी गेलं की त्याची क्षणात वाफ होते आणि रस उसळून बाहेर येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. भट्टीवर बिहारचा एक पोरगा होता. पाटीवर काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाला, “कंपनी का नाम होगा.”

खरी गोष्ट पुढं आहे. ओलं भंगार धोक्याचं असतं, हे त्या पोराला कामातूनच कळलं होतं. भंगाराच्या ढिगावरचा पत्रा गळतो, हेही त्यानं पाहिलं होतं आणि ठेकेदाराला तीनदा सांगितलं होतं. ते तिथंच अडकलं. मालकांपर्यंत गेलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी पत्रा बदलला असता. कारण मी सांगितल्यावर त्यांनी तो दुसऱ्या दिवशी बदललाच. मालक वाईट नव्हते, पोरगा अडाणी नव्हता. मधला रस्ता बंद होता. दोन वर्षांच्या अभ्यासात मी शिकले ते एवढंच: असा बंद रस्ता कुठं आहे ते शोधायचं आणि तो मोकळा करायचा.

त्यातली एक युक्ती तर आपल्याला शाळेतच मिळाली आहे. आपल्या बाई शिकवून झाल्यावर “कळलं का?” असं कधी विचारत नसत, कारण “हो बाई” म्हणायला काही लागत नाही. त्या म्हणायच्या, “आता तू सांग.” सूचना दिल्यावर ती कामगाराच्या तोंडून परत ऐकणं, ही माझ्या प्रशिक्षणातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे.

म्हणून दोन विनंत्या करते. ज्यांचे कारखाने, दुकानं, दवाखाने आहेत त्यांनी सोमवारी कामावर गेल्यावर एक पाटी निवडावी आणि सगळ्यात नव्या माणसाला तिचा अर्थ विचारावा. मग “तुला इथं काय खटकतं?” असंही विचारावं, आणि तो बोलेल तेव्हा मध्ये बोलू नये.

दुसरी विनंती पालकांना. मुलगा किंवा मुलगी या वाटेनं जातो म्हणाली, तर “हे शिकून काय होणार?” म्हणून अडवू नका. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ पासून आहे, आपल्या गावात सायबरमध्ये एम.एस.डब्ल्यू. करता येतं. मात्र हा अभ्यास पुस्तकात बसून होत नाही. कारखान्यात, वस्तीत, माणसांत जावं लागतं, हे त्यांना आधीच सांगा.

जेवणानंतर मी मैदानाकडच्या व्हरांड्यात आहे. पाट्यांचा मजकूर दाखवायचा असेल किंवा मुलांच्या प्रवेशाबद्दल विचारायचं असेल, तर जरूर या.