अडथळ्याची उंची आणि धावणाऱ्याची



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, ते गणिताचे शिक्षक होते. खेळाचा तास त्यांच्याकडे नाइलाजाने आलेला. मैदानावर ते एक सुंभाची दोरी घेऊन येत, दोन मुलांच्या हाती तिची टोके देत आणि उडी मारणाऱ्याला विचारीत, "कुठे धरू रे?" जो तो आपल्या मापाने सांगे. कोणी गुडघा म्हणे, कोणी मांडी. दुसऱ्या आठवड्यात तीच दोरी बोटभर वर गेलेली असे. या पद्धतीला काही शास्त्र आहे असे तेव्हा आम्हांला वाटले नव्हते. गुरुजींजवळ दुसरे साहित्यच नाही, अशी आमची समजूत होती.

पुढे मी स्वतः शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झालो. मजजवळ दोरी नव्हती, पोलादी टेप होती. अडथळ्यांच्या शर्यतीसाठी आठवीची मुले निवडताना मी त्यांना उंचीप्रमाणे उभे केले आणि रांगेच्या शेवटच्या मुलाला फक्कीच्या रेषा आखायला पाठवले. त्याने तक्रार केली नाही. सगळे घरी गेल्यावर तो व्हरांड्यातले बाक आडवे घालून त्यांवरून उड्या मारीत असे, हे मला शिपायाने सांगितले होते. मी हसलो आणि विसरलो. दोन वर्षांत तो मुलगा माझ्या खांद्याच्या वर गेला, पण पुन्हा मैदानावर आला नाही. आजचा विषय मी का घेतला, हे आपल्या ध्यानात आले असेल.

अशा प्रसंगी वक्त्याने म्हणायचे असते की शरीर गौण, जिद्द श्रेष्ठ. मला तसे म्हणता येत नाही. शरीर गौण असते तर कुस्तीत वजनाचे गट कशाला पाडले असते? खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते बँटमवेट गटात. आपल्या दुप्पट वजनाच्या मल्लाशी झुंजायची पाळी त्यांच्यावर आली नाही. अडथळ्याला असे गट नाहीत. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीतला अडथळा १०६.७ सेंटिमीटर उंच, मग धावणारा कितीही ठेंगू असो. शिवाय दोन अडथळ्यांमधले ९.१४ मीटर अंतर तीनच पावलांत कापावे लागते. येथे लांब टांगांचा लाभ उघड आहे. २००४ साली अथेन्सला जिंकलेला चीनचा लिऊ शियांग १.८९ मीटर उंच होता. तरी १९९६ साली अटलांटाला हीच शर्यत जिंकणारा अमेरिकेचा अ‍ॅलन जॉन्सन १.७८ मीटरचाच होता. उंची उपयोगी पडते, पण तिच्यावाचून दार बंद होत नाही, एवढेच यावरून म्हणता येईल.

माझा खरा ओढा मात्र दुसऱ्या शर्यतीकडे आहे, ती ३ हजार मीटरची स्टीपलचेस. यात अडथळा ९१.४ सेंटिमीटरचा, २८ वेळा साधा आणि ७ वेळा पाण्याचा, एकूण ३५. हा अडथळा धक्क्याने पडत नाही; तो तुळईसारखा जाड आणि जड असतो, आदळला तर धावणाराच पडतो. येथे दोन अडथळ्यांमध्ये ठरावीक पावलांचे बंधन नाही, कारण अंतर सुमारे ८० मीटरचे. तेव्हा बुटक्याचे नुकसान नेमके किती? गुरुजींनी हे फळ्यावर असे मांडले असते. माणसाचा गुरुत्वमध्य साधारणपणे त्याच्या उंचीच्या ५५ टक्क्यांवर असतो. १८० सेंटिमीटरच्या माणसाचा ९९ सेंटिमीटरवर, १६० च्या माणसाचा ८८ वर. म्हणजे दर अडथळ्याला धाकट्याने ११ सेंटिमीटर जास्त उचलायचे. ३५ वेळा ११ म्हणजे ३८५ सेंटिमीटर. सबंध शर्यतीत एका मजल्याची जादा चढण. (पाण्याच्या अडथळ्यावर पाय देऊन पुढे झेपावण्याची मुभा असते, म्हणून हिशेब थोडा बदलेल, पण ढोबळ मानाने खरा.) मात्र उंच माणसाचे वजनही बहुधा जास्त असते, आणि ते त्याला प्रत्येक उडीत वर न्यावे लागते, प्रत्येक वेळी एका पायावर झेलावे लागते. येथे उंचीपेक्षा वजनाचा जाच मोठा. उंची आपल्या हाती नाही. वजन काही अंशी आहे. जिद्दीचे काम सुरू होते ते या ठिकाणी.

आपला मुधोळ भाग १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होता, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको. त्याच जुन्या हैदराबाद संस्थानात बीड जिल्ह्याचा आष्टी तालुकाही होता. त्या तालुक्यातल्या मांडवा गावी १९९४ साली अविनाश साबळे यांचा जन्म झाला. घरी शेती, शाळा पाचसहा किलोमीटर दूर, वाहन नाही. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये भरती झाले. सियाचीनच्या बर्फात, राजस्थानच्या वाळूत, सिक्कीममध्ये राहिले. सैन्याच्या क्रॉसकंट्री संघात ते २०१५ साली आले. मध्यंतरी वजन इतके वाढले होते की पंधरावीस किलो उतरवल्यावाचून पुढे जाणे नव्हते. ते त्यांनी काही महिन्यांत उतरवले. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळवले. दुसऱ्याच वर्षी भुवनेश्वरला त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

येथे थांबले पाहिजे, कारण ही गोष्ट बहुतेक जण अशी सांगतात, जणू वजन उतरले आणि पदक आले. तसे झाले नाही. टोकिओ ऑलिंपिकमध्ये ८:१८.१२ हा नवा विक्रम करूनही साबळे प्राथमिक फेरीतच बाहेर पडले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळेत रौप्य मिळाले, सुवर्ण ०.०५ सेकंदाने हुकले. १९९८ ते २०१८ या स्पर्धेतली तिन्ही पदके दर वेळी केनियाच नेत होता. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आले, २०२४ मध्ये वेळ ८:०९.९१ वर उतरली, आणि पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत अकरावा क्रमांक आला. पहिल्या विक्रमापासून सहा वर्षांत सुमारे २० सेकंद कमी झाले, तेही तुकड्यातुकड्यांनी. जिद्द म्हणतात ती मला या तुकड्यांत दिसते.

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याचे मोही हे दुष्काळी गाव. तेथील ललिता बाबर मॅरेथॉन धावत असत. स्टीपलचेसकडे वळून त्या २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. १९८४ साली पी. टी. उषा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावल्यानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत हे कोणा भारतीय स्त्रीला जमले नव्हते. महिलांचा अडथळा ७६.२ सेंटिमीटरचा असतो, आणि त्यांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी २००८ साली. त्याआधीच्या मुलींच्या जिद्दीला दाखवायला अडथळाच नव्हता.

वजनाविषयी बोललो म्हणून एक इशारा. मुलामुलींना उपाशी ठेवून हलके करू नका. वाढत्या वयात त्याने हाडे ठिसूळ होतात, मुलींची पाळी बिघडते. साबळे यांनी वजन उतरवले ते सैन्यात, प्रौढ वयात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि पोटभर मेहनतीच्या जोडीने.

आणि तेरा-चौदाव्या वर्षी टेप लावू नका. त्या वयात एकाच बाकावरच्या दोन मुलांच्या शरीराच्या वाढीत दोन-दोन वर्षांचे अंतर असू शकते. मुली बहुधा आधी उंच होतात, मुले मागाहून. आठवीतला शेवटचा मुलगा दहावीत कोठे असेल हे टेपला कळत नाही. मलाही कळले नाही.

या व्याख्यानाच्या मानधनाचे पाकीट मी मुख्याध्यापकांकडे परत देत आहे. त्यातून गावातल्या सुताराकडून आठ अडथळे करून घ्यावेत. खाचा अशा असाव्यात की आडवी फळी गुडघ्यापासून कमरेपर्यंत हवी तेथे बसवता यावी. खालचे पाय धावत येणाऱ्याच्या बाजूला ठेवावेत, म्हणजे ठेच लागली तर अडथळा पुढे पडेल, मूल नव्हे. फळी कोठे बसवायची, हे मात्र ज्याला उडी मारायची आहे त्याला विचारावे.