मूत्रपिंडरोपणानंतरचा मधुमेह

दोन्ही मूत्रपिंडें निकामी झालेल्या माणसाला दुसऱ्याचें मूत्रपिंड देऊन जगवितां येतें, ही गोष्ट आतां नवलाची राहिलेली नाहीं. २३ डिसेंबर १९५४ रोजीं अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं डॉ. जोसेफ मरे यांनीं एका भावाचें मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावाच्या शरीरांत बसविलें आणि तें उत्तम चाललें. दोघे एकाच बीजाचे असल्यामुळें एकाच्या शरीरानें दुसऱ्याचा अवयव आपलाच मानला. इतरांच्या वांट्याला हें भाग्य येत नाहीं. शरीर परक्या अवयवाला शत्रु समजून त्याचा नाश करूं पाहतें. म्हणून त्याची प्रतिकारशक्ति औषधांनीं जन्मभर दडपून ठेवावी लागते. याच औषधांत पुढच्या एका दुखण्याचें मूळ असतें. पूर्वीं मधुमेह नसलेल्या रुग्णाला रोपणानंतर जडणारा मधुमेह, हेंच तें दुखणें.

तें विरळा नाहीं. ठिकठिकाणच्या अनुभवाप्रमाणें दर शंभर रुग्णांपैकीं सुमारें दहा ते तीस जणांना तें होतें, आणि त्याचा आरंभ बहुधा पहिल्या वर्षांतच होतो.

स्वादुपिंडांतून पाझरणारें इन्शुलिन रक्तांतील साखर शरीराच्या उपयोगीं आणतें. प्रेडनिसोलोन या औषधामुळें शरीर इन्शुलिनला पूर्वीसारखी दाद देत नाहीं, आणि यकृत अधिक साखर तयार करूं लागतें. टॅक्रोलिमस हें दुसरें प्रमुख औषध १९८४ सालीं जपानांतील त्सुकुबा येथील मातींतल्या एका सूक्ष्म जंतूपासून मिळालें. तें नव्या मूत्रपिंडाचें उत्तम रक्षण करतें, पण इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचें काम मंदावतें. शिवाय निरोगी मूत्रपिंड इन्शुलिनचा निचरा करतें. जुनीं मूत्रपिंडें बंद पडलेलीं असतां इन्शुलिन रक्तांत अधिक काळ टिकतें व स्वादुपिंडाची दुर्बलता झांकली जाते; नवें मूत्रपिंड कामाला लागलें कीं ती उघडी पडते.

यांत आहाराची भर पडते. रोपणापूर्वीं पाणीहि मोजून प्यावयाचें, केळें व शहाळें वर्ज्य, अशी घरांत शिस्त असते. रोपणानंतर पथ्य सैल होतें, तोंडाला चव येते, औषधानें भूक वाढते, आणि भेटीस येणारे आप्त पेढ्यांचे पुडे आणतात. वजन वाढत जातें. ज्यांच्या घराण्यांत मधुमेह आहे, किंवा ज्यांचें वय अधिक आहे, त्यांनीं विशेष जपावें.

हा विकार गुपचूप येतो. प्रेडनिसोलोन सकाळीं घेतलें म्हणजे साखर दुपारीं व सायंकाळीं चढते, आणि पहांटेपर्यंत उतरलेली असते. यास्तव केवळ उपाशीपोटीं केलेली तपासणी फसवूं शकते. दुपारच्या जेवणानंतरचीहि साखर पाहिली पाहिजे. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी तपासणीसुद्धां आरंभीं, पंडुरोगामुळें, भरंवशाची नसते. उलट, पहिल्या आठवड्यांत औषधांच्या मोठ्या मात्रांनीं चढलेली साखर मात्रा घटल्यावर पुष्कळदां उतरते. म्हणून तेवढ्यावरून कायमच्या मधुमेहाचा शिक्का मारीत नाहींत.

खरा घात निराळ्याच ठिकाणीं होतो. साखर या गोळ्यांनींच वाढते असें कळलें कीं एखादा रुग्ण भीतीनें गोळी अर्धी करतो, किंवा सोडूनच देतो. मग दडपलेली प्रतिकारशक्ति जागी होते आणि मूत्रपिंडावर तुटून पडते. मधुमेह आहारानें, चालण्यानें, गोळ्यांनीं वा इन्शुलिननें आटोक्यांत ठेवतां येतो. शरीरानें नाकारलेलें मूत्रपिंड मात्र पुष्कळदां हातचें जातें. मात्रा बदलावयाची ती रक्तांतील औषधाचें प्रमाण मोजून, आणि तेंहि डॉक्टरांनींच. कोणीं सांगितलेला काढा अथवा चूर्ण त्यांना विचारल्यावांचून घेऊं नये. पपनसासारखें साधें फळहि रक्तांतील टॅक्रोलिमस वाढवूं शकतें.

मात्र साखरेकडे दुर्लक्ष करणें हाहि तितकाच मोठा अपराध होय. वाढलेली साखर हृदयाला, डोळ्यांना आणि अखेर त्या नव्या मूत्रपिंडालाहि इजा करते. आपल्या देशांत जिवंत दात्यांमध्यें स्त्रियांचीच संख्या अधिक आहे; कोणाची आई, कोणाची पत्नी आपल्या देहांतला अवयव काढून देते. तिच्या दानाचें चीज व्हावें असें ज्या घराला वाटतें, त्यानें औषधाची वेळ आणि साखरेची नोंद हीं दोन्ही सारख्याच निष्ठेनें सांभाळावींत.