मेजर स्केल आणि पट्टीची खूण

पेटी शिकूं लागलेल्या मुलाला सरगम बहुधा पांढरी एकपासून दिली जाते. तेथून सात पांढऱ्या पट्ट्या ओळीनें वाजविल्या कीं सातही शुद्ध स्वर मिळतात. काळ्या पट्टीला बोट लावावें लागत नाहीं. मुलाचा समज होतो कीं पांढरी पट्टी म्हणजे शुद्ध स्वर आणि काळी म्हणजे विकृत. दुसऱ्या दिवशीं तोच मुलगा पांढरी पांचला षड्ज मानून पांढऱ्याच पट्ट्यांवरून जाऊं लागला, तर सहा स्वर नीट लागतात आणि सातव्याला घरांतील मंडळी चमकून पाहतात. निषाद कोमल लागलेला असतो.

युरोपीय संगीताच्या विद्यार्थ्याला ज्या मेजर स्केलची व की-सिग्नेचरची धास्ती वाटते, त्यांचें मर्म या एका चुकींत आहे. मेजर स्केल म्हणजे सात नेमलेल्या पट्ट्या नव्हेत. ती सात अंतरांची मांडणी आहे. पूर्ण, पूर्ण, अर्ध, पूर्ण, पूर्ण, पूर्ण, अर्ध, असा तिचा क्रम. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं शुद्ध स्वरांचा मानलेला बिलावल थाट याच क्रमाचा आहे. पांढऱ्या पट्ट्यांत हा क्रम पांढरी एकपासूनच तेवढा आपोआप जुळतो. पांढरी पांचपासून निघाल्यास पांढरी चार सोडून काळी तीन घ्यावी लागते; हा झाला एक शार्प. पांढरी चारपासून निघाल्यास मध्यम तीव्र लागूं नये म्हणून पांढरी सातऐवजीं काळी पांच येते. हा एक फ्लॅट.

असे बदल प्रत्येक स्वरापाशीं लिहीत बसण्याऐवजीं ते प्रत्येक ओळीच्या आरंभीं एकदांच नोंदवितात. तीच की-सिग्नेचर. षड्ज एकेका पंचमानें वर नेला कीं एकेक शार्प वाढतो, एकेका पंचमानें खालीं नेला कीं एकेक फ्लॅट. दोन्ही बाजूंस सात-सात आणि एक कोरी, अशा पंधरा खुणा होतात. मेजर स्केलमध्यें शेवटचा शार्प हा निषाद असतो. त्याच्या अर्ध्या स्वरावर षड्ज. फ्लॅट एकाहून अधिक असतील तर शेवटून दुसरा फ्लॅट हाच षड्ज. एवढें कळलें कीं पाठांतराचें ओझें उतरतें.

हिंदुस्थानी गायकाला हा खटाटोप नको असतो, कारण त्याचा षड्ज तंबोऱ्यानें एकदां धरला कीं सबंध मैफलभर ढळत नाहीं. युरोपीय रचनेंत मात्र षड्जच मध्यंतरीं जागा बदलतो आणि अनेक वाद्यें एकदम त्याच्यामागें जातात. तेथें लेखी खूण नसेल तर गोंधळच माजेल.

या सोयीला किंमतही द्यावी लागली. बारा शुद्ध पंचम एकावर एक चढविले तर ते सात सप्तकांच्या पलीकडे जवळजवळ पाव अर्धस्वर निघून जातात. वर्तुळ मिटत नाहीं. म्हणून स्वर थोडेथोडे ढळवून मिळविण्याच्या पद्धति निघाल्या. सर्व बारा स्वरांना षड्ज मानून मेजर व मायनर अशा चोवीस स्वरांकनांत रचना करतां येतात, हें बाखनें १७२२ सालच्या आपल्या संग्रहांत दाखवून दिलें. पुढें बारा समान भागांची वांटणी रूढ झाली. तींत पंचम किंचित् उतरतो आणि गांधार शुद्ध गांधाराहून अर्धस्वराच्या सुमारें सातव्या भागानें चढतो. पेटीच्या या ठाम स्वरांवरचा आक्षेप इतका तीव्र होता कीं ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला मज्जाव केला आणि तो सुमारें तीन दशकें टिकला.

तेव्हां विद्यार्थ्यानें पंधरा खुणा घोकण्यापूर्वीं एकच सरगम निरनिराळ्या पट्ट्यांवरून गळ्यानें म्हणावी आणि मग ती पेटीवर शोधावी. कोणती काळी पट्टी हवी, हें कान सांगेल. कागदावरची खूण त्या सांगण्याची नोंद तेवढी आहे.