बाभळीला नमवणारी पाचर

परतवाड्याच्या लाकूडबाजारात मान सागाला. वऱ्हाडातल्या चुलीला मात्र बाभूळ हवी, आणि ती घणाला सहज बधत नाही. लाकूड फोडायचं हायड्रॉलिक यंत्र घरी करताना लोक जोरच मोजतात. 100 मिलिमीटर व्यासाचं सिलिंडर 150 बार दाबावर सुमारे 12 टन देतं, पुष्कळ झालं! खरी करामत पाचरीची. धारेचा कोन साधारण 30 अंश ठेवा, मागे ती रुंदावत न्या. चीर आपोआप पुढे धावते. बोथट पाचरीनं ओंडका नुसता चेंगरतो. एका दमात चार तुकडे हवेत, तर आडवी पाती उभ्या धारेच्या थोडी मागे बसवा. पाचरीला कमानपाट्याचं पोलाद वापरलं, तर ते आधी तापवूनच वेल्ड करा, नाहीतर सांधा तडकतो. गाठाळ ओंडका कडेकडेनं सोलावा.